बाळाच्या हिरडीतला उंचवटा म्हणजे आजार नव्हे

पाच-सहा महिन्यांच्या बाळाचा खालचा ओठ हलकेच ओढून हिरडीवरून बोट फिरवलं, की समोरच्या दातांच्या जागेपासून थोडं बाजूला, डावी-उजवीकडे, एकेक टणक उंचवटा हाताला लागतो. तिथली हिरडी ताणलेली, जरा फिकट, कधी पांढरट दिसते. हा दुधाचा सुळा. अजून आतच आहे. बाहेर यायला त्याला साधारण सोळा ते तेवीस महिन्यांचं वय उजाडावं लागतं, आणि त्याआधी पहिली दाढसुद्धा येऊन जाते. जबडा एवढासा आणि त्यात सुळ्याचा अंकुर मोठा, शिवाय तो बाहेरच्या बाजूला असतो, म्हणून त्याचा आकार वरून जाणवतो. निरोगी बाळाचंही असंच असतं.

युगांडा, टांझानिया, केनिया, इथिओपिया, सुदान, दक्षिण सुदान, सोमालिया या पूर्व आफ्रिकेच्या पट्ट्यात अनेक कुटुंबांत हाच उंचवटा बाळाच्या जुलाबांचं, तापाचं आणि उलट्यांचं मूळ मानला जातो. पश्चिम युगांडात त्याला एबिनो म्हणतात, टांझानियात मेनो या नायलोनी, सुदानमध्ये हैफात. उपाय मात्र सगळीकडे जवळपास एकच. गावातला वैदू किंवा एखादी जाणती बाई भूल न देता बाळाची हिरडी चिरते आणि आतला अंकुर उकरून काढते. वैद्यकीय साहित्यात याला इन्फंट ओरल म्युटिलेशन, थोडक्यात आयओएम म्हणतात. बाळं बहुतेक चार ते अठरा महिन्यांची असतात. बहुधा खालचे सुळे काढतात, काही ठिकाणी वरचेही, आणि कधी एकाच बैठकीत चारही.

हा प्रकार डॉक्टरांच्या नजरेत आला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. डॅनिश मुखरोगतज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग यांनी 1969 मध्ये उत्तर युगांडातल्या अचोली समाजातल्या मुलांचे काढलेले सुळे आणि त्यामुळे शेजारच्या दातांत आलेले दोष यांवर लिहिलं. पुढे टांझानिया, सुदान, इथिओपियातून तशीच निरीक्षणं आली. स्थलांतरित कुटुंबांमुळे इस्रायल, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या दंतवैद्यांच्या खुर्चीतही अशी मुलं दिसू लागली.

या प्रथेवर लिहिताना बहुतेक लोक हत्यारांच्या वर्णनापाशीच अडकतात. ते वर्णन खरं आहे: सायकलच्या चाकाची तार, विणकामाची सुई, तापवलेला खिळा, दाढीचं पातं, चाकूचं टोक, काही ठिकाणी नुसतं बोटाचं नख. एकाच दिवशी तीच तार एका बाळाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाते, मध्ये फार तर पाण्याने किंवा फडक्याने पुसली जाते. पण ही प्रथा टिकते ती आईवडिलांना समोर जे दिसतं त्यामुळे, आणि ते समजून घेतल्याशिवाय तिच्याशी लढता येत नाही.

समोर काय दिसतं? वैदू हिरडीतून काहीतरी बाहेर काढतो आणि आईच्या हातावर ठेवतो. ती जेमतेम काही मिलिमीटरची पांढरट, ओलसर, लिबलिबीत गोष्ट असते. टोकाला पातळ कवच, बाकी सगळं मऊ. सुळ्याच्या मुकुटाचं, म्हणजे हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागाचं, कठीण होणं गर्भातच, चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरू होतं आणि बाळ साधारण नऊ महिन्यांचं झाल्यावर पूर्ण होतं. त्याआधी बाहेर काढलेला दात दातासारखा दिसतच नाही, अळीसारखा दिसतो. "हा बघा किडा," असं सांगितलं तर अविश्वास दाखवायला आईजवळ काहीच कारण नसतं. तिने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट वयाची. चार-सहा महिन्यांनंतर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते. त्याच सुमारास वरचं अन्न आणि वरचं पाणी सुरू होतं. बाळ रांगायला लागतं, हाताला येईल ते तोंडात घालतं. जुलाबांचं हेच मुख्य वय, आणि या भागातल्या पुष्कळ ठिकाणी मलेरियाच्या तापाचंही. सुळ्याचा उंचवटा हाताला लागतो तोही याच महिन्यांत. दोन्ही गोष्टी एकत्र येतात म्हणून एकीमुळे दुसरी होते असं वाटतं. शिवाय साधे जुलाब बहुधा पाच ते सात दिवसांत आपोआप थांबतात. लोक वैदूकडे जातात ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, बाळ अगदी मलूल झाल्यावर. त्यानंतर दोन-तीन दिवसांत जुलाब थांबले की श्रेय उकरून काढलेल्या 'किड्या'ला मिळतं. जे बाळ दगावतं त्याच्याबद्दल "उशीर झाला" असं म्हणतात. दोन्ही बाजूंनी समज पक्काच होतो.

सगळ्यांत घातक मला वाटतो तो या समजाला चिकटलेला दुसरा समज: हे दुखणं दवाखान्याच्या औषधाने बरं होत नाही. जखमेपेक्षाही जास्त नुकसान हा उशीर करतो. बाळाच्या अंगातलं पाणी तासातासाने कमी होत असतं आणि घरातले मोठे लोक वैदू शोधत असतात.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. सहा किलोच्या बाळाच्या अंगात रक्त किती असतं? वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 80 मिलिलिटर, म्हणजे एकूण 480 मिलिलिटरच्या आसपास. त्यातलं 50 मिलिलिटर, जेमतेम पाव कपभर, गेलं तरी दहावा हिस्सा गेला. मोठ्या माणसाच्या हिशेबात हे अर्धा लिटर होईल. हे बाळ आधीच जुलाबांनी सुकलेलं असतं, मलेरियाने किंवा कुपोषणाने त्याचं हिमोग्लोबिन आधीच खाली असतं. पूर्व आफ्रिकेत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची बाळंही कमी नाहीत. अशा बाळाला ही तूट सोसत नाही. त्यात रक्त किती गेलं हे बाहेरून कळत नाही, कारण तोंडात आलेलं रक्त बाळ गिळून टाकतं. फडक्यावर चार डाग दिसतात आणि घरच्यांना वाटतं, थोडंच आलं. काही तासांनी काळपट उलटी किंवा डांबरासारखी शी झाली की गिळलेल्या रक्ताचा पत्ता लागतो. ओठ, तळहात आणि पापणीची आतली बाजू पांढरी पडली असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

हिरडीखालचं हाड या वयात स्पंजासारखं, रक्ताने भरलेलं असतं. त्यात मळकी तार घुसली की जंतूंना थेट रक्तात जायला वाट मिळते. यातून होणारे आजार पुष्कळ ठिकाणी नोंदले गेले आहेत: रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, मेंदूच्या आवरणाचा दाह, जबड्याच्या हाडात पू होणं, धनुर्वात, आणि सामायिक हत्यारांमुळे एचआयव्ही आणि कावीळ ब यांचा धोका. काही मुलं यातून दगावली आहेत. जखमेवर चोळलेला झाडपाला किंवा मीठ यांनी जंतू मरत नाहीत. उलट झाडपाल्यासोबत माती आत जाते, आणि धनुर्वाताचे बीजाणू मातीतच राहतात. जिभेखालची जागा सुजली तर श्वासाची वाट अरुंद होते, आणि बाळाच्या बाबतीत ही वाट मुळातच बारीक. धनुर्वाताची लक्षणं बहुधा तीन ते एकवीस दिवसांत दिसतात आणि बाळात पहिली खूण असते ती दूध न ओढणं. जबडा आखडलेला असतो. घरच्यांना मात्र वाटतं, तोंड दुखतंय म्हणून पीत नाही.

दूध न ओढणं हे धनुर्वात नसतानाही होतंच, कारण तोंडात उघडी जखम असते. म्हणजे जुलाब चालू असलेल्या बाळाचं पिणं नेमकं त्याच दिवशी थांबतं, ज्या दिवशी त्याला सगळ्यांत जास्त पाजायला हवं असतं. या प्रथेने मारलेल्या मुलांची मोजदाद कधीच नीट होणार नाही, कारण नोंदीत मृत्यूचं कारण 'जुलाब' असंच लिहिलं जातं.

मग जुलाबाच्या बाळाला करायचं काय? ते साधं आहे, स्वस्त आहे, आणि नेमकं माहीत असायला हवं. ओआरएसची पुडी किती पाण्यासाठी आहे ते पुडीवर वाचा. सगळ्या पुड्या एक लिटरच्या नसतात, आणि निम्म्या पाण्यात कालवलेलं दाट द्रावण बाळाला अपाय करतं. पाणी उकळून गार केलेलं घ्या, केलेलं द्रावण चोवीस तासांनी टाकून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलिलिटर. वाटी-चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आधीपेक्षा सावकाश. अंगावरचं दूध एकदाही बंद करायचं नाही. पुडी मिळतच नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचं माप चुकवू नका, ते जास्त झालं तर रक्तातलं सोडियम वाढून बाळाला झटके येऊ शकतात.

यासोबत झिंक: सहा महिन्यांखाली रोज 10 मिलिग्रॅम, त्यापुढे 20 मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले तरी हे दिवस पुरे करायचे. झिंकमुळे हे जुलाब लवकर आटोक्यात येतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत होण्याचं प्रमाणही घटतं. नेमका हाच भाग सांगायचा राहून जातो.

डोळे खोल गेले, बाळ चिडचिड करतंय, अधाशासारखं पाणी पितंय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू परत जातेय, तर दवाखान्यात देखरेखीखाली चार तासांत किलोमागे 75 मिलिलिटर ओआरएस देतात. सहा किलोच्या बाळाला 450 मिलिलिटर. बाळ गळून गेलंय, पीतच नाही, कातडी परत जायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो, तर शिरेतून सलाइन लागतं आणि तेही ताबडतोब. शीमध्ये रक्त, सतत उलट्या, किंवा मलेरियाच्या भागात कुठलाही ताप, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी तपासणी. तापाचं बाळ 'दातांमुळे तापलंय' म्हणून घरी ठेवणं मलेरियाच्या भागात जिवावर बेततं.

दात येताना बाळाला काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. लाळ गळते, हिरडी लालसर होते, बाळ हाताला येईल ते चावतं, झोप मोडते, अंग किंचित कोमट लागतं. पण 38 अंश सेल्सियसच्या वरचा ताप आणि जुलाब दातांमुळे होत नाहीत, त्यांचं कारण वेगळं शोधावं लागतं. हिरडी स्वच्छ बोटाने चोळावी, किंवा थंड केलेलं, फ्रीझरमध्ये गोठवलेलं नव्हे, चावण्याचं कडं द्यावं. बेन्झोकेन असलेली सुन्न करणारी जेल दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये. त्याने क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच कमी होते, आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये अशा उत्पादनांविरुद्ध इशारा दिला आहे. मधही वर्षाच्या आत नको.

बाळाच्या तोंडात अजूनही काही गोष्टी दिसतात ज्यांचा 'किडा' म्हणून बळी जातो. नवजात बाळाच्या टाळूवर किंवा हिरडीवर मोत्यासारखे पांढरे ठिपके असतात, ते काही आठवड्यांत आपोआप जातात. दात वर येताना कधी निळसर पाण्याची फुगी येते, ती बहुधा दातच फोडतो. जन्मतःच दिसणारा दात मात्र खरा प्रश्न असू शकतो. तो बहुधा खालचा मधला पुढचा दात असतो. तो फार हलत असेल आणि श्वासनलिकेत जाण्याची भीती असेल, किंवा त्याने जिभेखाली व्रण पडत असेल, तर दंतवैद्य तो काढतो. त्याआधी बाळाला जन्मानंतर व्हिटॅमिन के मिळालंय का हे विचारतो. एवढ्या लहान वयात दाताला हात लावायचं कारण असलंच तर ते हे.

ज्या बाळावर हा प्रकार होऊन गेला आहे, त्याच्या घरच्यांना पहिल्या तासात कुणी रागावू नये, ते पुन्हा दवाखान्यात येणार नाहीत. स्वच्छ गॉज किंवा धुतलेलं पांढरं कापड घडी करून जखमेवर दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्येमध्ये उचलून बघू नका. बाळाला बसतं किंवा कुशीवर धरा, म्हणजे रक्त घशात साचत नाही. वर काहीही लावू नका. दहा मिनिटांनी रक्त चालूच असेल तर रुग्णालय. पूर्व आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत धनुर्वाताचे डोस पेंटाव्हॅलंट लशीतून 6, 10 आणि 14 आठवड्यांना मिळतात, ते झालेत का ते कार्डावर पाहा. पेंटाव्हॅलंटमध्येच कावीळ ब चीही लस असते. एचआयव्हीचा धोका वाटत असेल तर प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, म्हणून हत्यार आणखी कुणावर वापरलं होतं हे दबक्या आवाजात का होईना विचारायलाच हवं. पुढचे तीन आठवडे ताप, जबड्याची सूज, पू, दूध न ओढणं, झटके यांवर लक्ष.

दातांचं नुकसान उशिरा दिसतं. दुधाच्या सुळ्याच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, अगदी खेटून कायमच्या सुळ्याचा अंकुर असतो, आणि त्याचं कठीण होणं जन्मानंतर चौथ्या-पाचव्या महिन्यातच सुरू झालेलं असतं. खालच्या कायमच्या बाजूच्या पुढच्या दाताचंही साधारण तेव्हाच. आंधळेपणाने फिरवलेल्या तारेला यातलं काहीच वेगळं कळत नाही. कधी दोन्ही अंकुर जातात आणि कायमचा सुळा येतच नाही. कधी तो राहतो, पण इनॅमल, म्हणजे दाताचं कठीण आवरण, खडबडीत, पिवळसर किंवा आकार बुटका. कधी तो वाकडा वळून हाडातच अडकतो. अंकुराचे तुकडे मागे राहिले तर त्यांतून दातांसारख्या बारीक गाठी तयार होतात, त्यांना ओडोन्टोमा म्हणतात, आणि त्या खऱ्या दाताची वाट अडवतात. एकाच बाजूचा सुळा गेला असेल तर पुढचे दात त्या बाजूला सरकतात आणि मधली रेषा ढळते. सुळा हा तोंडातला सर्वांत लांब मुळाचा दात. जबडा बाजूला सरकवताना दाढांवरचा ताण तो झेलतो, म्हणून त्याची उणीव नुसती दिसण्यापुरती नाही.

कायदा या प्रथेच्या विरोधातच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं कलम 24(3) मुलांच्या आरोग्याला बाधक रूढी संपवायला सांगतं, 1990 च्या आफ्रिकी बालहक्क सनदेचं कलम 21 ही तेच सांगतं, आणि युगांडाचा बालक कायदाही अशा रूढींना मनाई करतो. पण नुसत्या धाकाने प्रथा लपते. वैदू रात्री येतो, आणि रक्त थांबलं नाही तर घरचे दवाखान्यात यायला घाबरतात. बाळाचं यात दुहेरी नुकसान होतं.

माझ्या मते खरी संधी 14 आठवड्यांच्या लसीच्या दिवशी असते. आई बाळाला घेऊन केंद्रावर आलेली असते, उंचवटा अजून कुणाच्या नजरेत आलेला नसतो, जुलाबही सुरू झालेले नसतात. गोवराच्या लसीला, म्हणजे नऊ महिन्यांनी, हे सांगायला गेलं तर बऱ्याच बाळांच्या बाबतीत उशीर झालेला असतो. परिचारिकेने आईचंच बोट बाळाच्या हिरडीवर ठेवावं, जागा दाखवावी आणि सांगावं, "अजून दोन-तीन महिन्यांत इथे टणक लागेल, तो सुळा आहे, बाळ दीड-दोन वर्षांचं झाल्यावर तो बाहेर येईल." मग ओआरएसच्या दोन पुड्या आणि झिंकची पट्टी तिच्या हातात द्यावी. पाच मिनिटांचं काम आहे. आजीला सोबत बोलावता आलं तर फारच उत्तम, कारण वैदूकडे न्यायचा निर्णय पुष्कळदा तिचाच असतो. युगांडातल्या व्हिलेज हेल्थ टीम आणि इथिओपियातल्या हेल्थ एक्स्टेन्शन वर्कर घरोघरी जातातच, त्यांच्या तपासणीच्या यादीत हा मुद्दा असायलाच हवा. वैदूंनाही वगळू नये. जुलाबाचं बाळ आलं की ओआरएस पाजून केंद्रावर पाठवायचं, हे काम त्यांना मानाने दिलं तर त्यांचं स्थान टिकतं आणि तार खाली राहते.

दंतवैद्यांसाठी एवढंच: तीन-चार वर्षांच्या मुलाचे खालचे दोन्ही दुधाचे सुळे नाहीत, बाकीचे दात जागेवर आहेत, शेजारच्या दातांच्या इनॅमलवर खड्डे आहेत, तर आधी या प्रथेचा विचार करा. दुधाचे सुळे जन्मतःच नसणं फार दुर्मीळ आहे. "दात कुणी काढले?" असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही. "लहानपणी जुलाब फार झाले होते का, तेव्हा काय उपाय केला?" असं विचारा. धाकटं भावंड घरात असेल तर त्याच भेटीत त्याचंही तोंड पाहा. सहा-सात वर्षांच्या सुमारास पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून कायमचे सुळे आहेत का, कुठल्या दिशेने वळलेत, ओडोन्टोमा आहे का, हे बघून ठेवा. खालचा सुळा नवव्या-दहाव्या वर्षी येतो, वरचा अकराव्या-बाराव्या. जागा राखायची असो किंवा अडथळा काढायचा असो, ठरवायला तोवर पुरेसा वेळ हातात राहतो.